बसची शंभरी साजरी होईल, मार्गांचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

येत्या १५ जुलैला मुंबईच्या बसला शंभर वर्षे पूर्ण होतील. १९२६ साली याच तारखेला पहिली बस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. त्यानिमित्ताने डबल डेकरची छायाचित्रे निघतील, कोणी जपून ठेवलेली जुनी तिकिटे दाखवील. दाखवू दे, मीही हौसेने बघेन. पण या आठवणींत गाडी असते, कंडक्टर असतो, वरच्या मजल्यावरची पुढची सीट तर असतेच असते. गाडी ज्या रस्त्याने जायची तो मार्ग मात्र कोणी आठवत नाही. हे पत्र त्याच्यासाठी आहे.

आधी एक गैरसमज. बस ही पहिल्यापासून गरिबाची गाडी, असे आपण सहज म्हणून जातो. तसे नव्हते. गरिबाची गाडी होती ट्राम. ससून डॉकपासून दादरपर्यंत ट्रामने दीड आण्यात जाता येई, तेवढ्याच प्रवासाला बसमध्ये चार आणे पडत. ज्याच्या खिशात अडीच आणे जास्तीचे तो बसमध्ये चढणार! त्यामुळे सुरुवातीची बरीच वर्षे बस पांढरपेशांचीच राहिली. १९३४ साली ती शहराच्या उत्तर भागात गेली, १९३७ साली डबल डेकर आली, १९४० साली कुलाबा ते माहीम अशी पहिली लिमिटेड, म्हणजे मोजक्याच थांब्यांवर थांबणारी बस सुटली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, सगळा कारभार महापालिकेकडे आला तेव्हा गाड्या होत्या २४२ आणि मार्ग २३. पुढे ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम गेली आणि गरिबाची गाडी हे पद बसकडे आले. तेव्हापासून ते तिच्याकडेच आहे.

माझा मार्ग ३०२ क्रमांकाचा. शीव ते मुलुंड. भांडुपला वाढलेल्या माणसाला दुसरा कुठला असणार? बेस्टचे आकडे लॉटरीसारखे कसेही काढलेले नाहीत. ढोबळमानाने दोनशेचे आकडे पश्चिम उपनगरांत, तीनशेचे आमच्याकडे, चारशेचे आडवे म्हणजे पूर्व-पश्चिम जोडणारे, पाचशेचे खाडी ओलांडून नवी मुंबईला जाणारे. आकडा ऐकला की गाडी कुठल्या अंगाची ते जुन्या मुंबईकराला कळते.

३०२ ची दोन्ही टोके बघा. शीव म्हणजे गावाची हद्द. इंग्रजांची मुंबई तिथे संपायची आणि पलीकडे पोर्तुगीजांचे साष्टी बेट लागायचे, म्हणून तर सतराव्या शतकात तिथल्या टेकडीवर किल्ला बांधला. ट्रामचे रूळही दादर-किंग्ज सर्कलपर्यंतच होते. १९५० साली महापालिकेची हद्द भांडुपपर्यंत सरकली, १९५७ साली मुलुंडपर्यंत. मुलुंडला जकात नाका आला आणि नवी शीव तिथे झाली. म्हणजे आमची बस जुन्या शिवेवरून निघून नव्या शिवेपर्यंत जायची. मुंबई उत्तरेला किती वाढली हे शाळेत नकाशावर शिकवतात, आम्ही ते तिकिटाच्या पैशात मोजले. जकातही १ जुलै २०१७ रोजी गेली, नाक्याचे नाव मात्र तोंडातून जात नाही.

दोन्ही शिवांना जोडणारा रस्ता म्हणजे लालबहादूर शास्त्री मार्ग. माझे वडील शेवटपर्यंत त्याला आग्रा रोडच म्हणत. ते कुर्ल्याला एका कारखान्यात कामाला होते. पहिली पाळी असली की पहाटेच्या अंधारात थांब्यावर उभे. त्या वेळी या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखानेच कारखाने, आणि पाळी सुटायच्या वेळी बस आली की आधी माणसे दिसत आणि मग बस. कंडक्टर 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणत पंच वाजवत यायचा. घंटेची दोरी एकदा ओढली की गाडी थांबे, दोनदा ओढली की निघे. गर्दीत कंडक्टर दिसत नसला तरी घंटेवरून कळायचे की आता निघालो.

आज ते कारखाने नाहीत. त्या जागी मॉल आहेत, टॉवर आहेत, त्यांची इंग्रजी नावे मला धड वाचता येत नाहीत. पण थांबे ऐका : कमानी, श्रेयस सिनेमा, गांधीनगर, हुमा, मंगतराम पेट्रोल पंप, सोनापूर. कमानींच्या कारखान्यांत काम केलेली माणसे आता थोडी राहिली, पण कुर्ल्याचा तरुण पोरगासुद्धा रिक्षावाल्याला 'कमानी' म्हणून सांगतो आणि रिक्षा बरोबर तिथेच जाते. इमारत पाडायला महिना पुरतो, थांब्याचे नाव पन्नास वर्षे टिकते. या रस्त्याच्या औद्योगिक इतिहासाची हजेरी घ्यायची असेल तर बसच्या थांब्यांची यादी वरून खाली वाचावी.

आणि पाटीवरचा आकडा! बेस्टच्या बसवर समोर मराठी आकडा असतो, बाजूला इंग्रजी. आमच्या शेजारच्या तमिळ मामी मराठी आकडे शिकल्या त्या या समोरच्या पाटीवर. त्यांचा ३ आणि ६ मध्ये कायम गोंधळ व्हायचा, पण ६०२ नावाची बस आमच्या रस्त्याला नव्हतीच, त्यामुळे निभावून जायचे.

आता मूळ मुद्दा. लांब मार्ग तोडून स्टेशनापुरते छोटे मार्ग करावेत, अशी कल्पना अधूनमधून मांडली जाते. लांबची गाडी वाहतुकीत अडकते आणि एकामागोमाग तीन गाड्या येतात, हे खरेच आहे. मेट्रो आली, गाड्या कमी झाल्या, हेही मान्य. पण एका मार्गाचे दोन तुकडे झाले की प्रवाशाला दोन तिकिटे पडतात, आणि ९ मे २०२५ पासून किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले आहे. (गंमत अशी की मुंबईत घोड्यांची पहिली ट्राम सुरू झाली तीही ९ मे रोजीच, १८७४ साली.) घरकामाला जाणाऱ्या बाईला, वॉचमनला तो जास्तीचा दहाचा फटका रोज दोन वेळा बसतो. चार आण्याची बस आणि दीड आण्याची ट्राम यांतला फरक ज्यांना परवडत नव्हता, त्यांचीच ही नातवंडे-पतवंडे.

सप्टेंबर २०२३ मध्ये जुनी डबल डेकर निवृत्त झाली तेव्हा लोकांनी तिला हार घातले, फोटो काढले, काहींचे डोळे भरून आले. छान झाले. एखादा मार्ग बंद होतो तेव्हा थांब्यावरच्या पाटीवर एक आकडा कमी होतो, एवढेच. दुसऱ्या दिवशी एखादी म्हातारी तिथे अर्धा तास उभी राहते आणि मग कोणीतरी तिला सांगतो, 'आजी, ती बस आता येत नाही.'

म्हणून बेस्टला आपल्या वृत्तपत्रातर्फे तीन विनंत्या पोहोचवाव्यात. जुन्या मार्गांपैकी प्रत्येकाचा आकडा, सुरू झाल्याचे साल, थांब्यांची नावे आणि वेळोवेळी झालेले बदल, असे एक साधे पुस्तक शंभरीच्या वर्षात काढावे. निवृत्त कंडक्टर आणि गाड्या वेळेवर सोडणारे स्टार्टर यांना बोलावले तर निम्मे काम एका दुपारी होईल. दुसरे, थांब्यांची जुनी नावे बदलू नयेत, समोर कितीही मोठा मॉल उभा राहिला तरी. तिसरे, १५ जुलैला दिवसभर अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी बस सोडावी. तिकीट आजच्याच दराने घ्यावे. चार आण्यांचे नाणे २०११ सालीच चलनातून गेले, तो हट्ट नाही.

मी भांडुपहून येईन. पहिल्या फेरीत उभे राहायचीही तयारी आहे.

कळावे,
आपला,
एक वाचक, भांडुप (पश्चिम)