आधी सोडायला शिकव

मिरज,
रविवार, संध्याकाळ

प्रिय नलू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. आठवी-नववीचा प्राणायामाचा तास शाळेने तुझ्यावर सोपवला, हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! तू विचारलंयस, "कपालभातीने सुरुवात केली तर मुलं रमतील ना?" रमतील गं. मला भीती त्याचीच वाटते, म्हणून हातातली कामं टाकून लिहायला बसले.

मी शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. सतरंज्या अंथरलेल्या, मुली ओळीने बसलेल्या, आणि मी टाळ्या वाजवून आकडे म्हणत होते. मुलींना चेव चढला, तशी मीही वेग वाढवला. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी एकदम थांबली. "बाई, ओठांना मुंग्या येतायत." तिची बोटं आखडली होती, तळवा गार पडला होता. तिला आडवं केलं, हात चोळत बसले. थोड्या वेळाने ती सावरली, पाणी प्यायली, वर्गात गेली. मला मात्र रात्री झोप लागली नाही. चूक सर्वस्वी माझी होती. भराभर श्वास सोडत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि चक्कर, मुंग्या सुरू होतात. हे ठाऊक नसताना मी साठ-साठ ठोके घेत होते. शिवाय हठप्रदीपिकेत, म्हणजे हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, कपालभाती प्राणायामात मोडतच नाही. ती षट्कर्मातली, म्हणजे शुद्धिक्रियांमधली. त्याच ग्रंथात म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायूही हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. मुलांना शिकवणाऱ्याने यातलं 'हळूहळू' पाठ करून ठेवावं.

दुसरी गोष्ट. तू लिहिलंयस की मुलांना सांगणार आहेस, दीर्घ श्वसनाने रक्तात जास्त प्राणवायू जातो. तसं सांगू नकोस. कोरोनाच्या दिवसांत आपण घरोघरी बोटाला ऑक्सिमीटर लावून बसायचो, आठवतं? निरोगी माणसाचा आकडा शांत बसलेला असतानाही ९५ च्या वरच असायचा. त्यात आणखी भरायला जागा ती किती! लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं, ते योगक्रिया उपकरणं लावून तपासायच्या ध्यासाने. आपण निदान मुलांना खोटं कारण तरी सांगू नये.

मग खरं कारण काय? ते मुलांच्याच मनगटावर सापडतं. एका हाताची तीन बोटं दुसऱ्या हाताच्या अंगठ्याखाली ठेवायला लाव. नाडी लागली की म्हण, आता श्वास घ्या, आता सावकाश सोडा. घेताना नाडी किंचित पळते आणि सोडताना मंदावते. या वयात तर हे छान कळतं. माझ्या वर्गात एक मुलगा कायम खिडकीबाहेर बघायचा. त्याला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा तो डोळे विस्फारून मनगटाकडेच बघत राहिला. म्हणाला, "बाई, हे माझ्या हातात आहे?" नलू, त्या प्रश्नासाठी मी आजवर शिकवत आले असं वाटतं.

म्हणून आधी सोडायला शिकव. 'मोठा श्वास घ्या' म्हटलं की मुलं खांदे कानाला लावतात, छाती फुगवतात, गळ्याच्या शिरा ताठ होतात. त्याऐवजी त्यांना उताणं झोपव आणि पोटावर कंपासपेटी ठेवायला सांग. पेटी वर गेली पाहिजे, खाली आली पाहिजे, आणि पडता कामा नये. दुसरं काही बोलू नकोस. चार-पाच मिनिटांत पेन्सिलींचा खडखडाट थांबतो, खांदे आपोआप सैलावतात. निदान दोन आठवडे एवढंच घे. मग मनात तीन आकडे म्हणत श्वास घ्यायचा, सहा म्हणत सोडायचा. ज्याला सहा जड जातात त्याने चारच म्हणावेत. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, अजिबात नको. मुलं लगेच 'कोण जास्त वेळ धरतो' ही पैज लावतात.

अनुलोम-विलोम त्यानंतर. तर्जनी आणि मधलं बोट तळव्याकडे मिटायचं, उजवी नाकपुडी अंगठ्याने, डावी अनामिका-करंगळीने. मुलं नाकपुडी चिमटीत धरल्यासारखी दाबतात आणि नाक वाकडं करतात. हाड संपून मऊ भाग सुरू होतो तिथे नुसतं टेकवायचं, हे प्रत्येकाजवळ जाऊन दाखव. लांबून सांगून जमत नाही. पावसाळ्यात निम्म्या वर्गाचं नाक चोंदलेलं असतं, त्या दिवशी सरळ भ्रामरी घे. ओठ मिटलेले, दात किंचित विलग, आणि श्वास सोडताना मकार, म्हणजे भुंग्यासारखा 'म्‌ऽऽ' असा आवाज. भ्रामरीत सोडणं आपोआप लांबतं, मोजावंही लागत नाही. सगळा वर्ग एका सुरात गुंजायला लागला की सतरंजीतूनसुद्धा ती थरथर मांडीला जाणवते.

तास मधल्या सुट्टीनंतर ठेवला असेल तर मुख्याध्यापकांना भेटून सकाळचा मागून घे. डबा खाऊन आलेल्या मुलांकडून हे करवू नये. आणि दम्याची, फिट्सची मुलं कोण, ते आधी पालकांना विचार. त्यांच्या डॉक्टरांच्या होकाराशिवाय काही नको, आणि पंप दप्तरात नाही, जवळ असू दे.

तुझा स्वतःचा सराव सुटला होता म्हणालीस. उद्यापासून पहाटे बस. मुलं आपले शब्द ऐकतात त्याहून आपला श्वास जास्त बघतात. आपण घाईत असलो की त्यांना लगेच कळतं.

दोन आठवड्यांनी कंपासपेट्यांचं काय झालं ते कळव. विशेषतः तू लिहिलंयस त्या मुलाचं, बाकावर एक मिनिट टिकत नाही म्हणतेस त्याचं. त्याला भिंतीकडेची जागा दे आणि पहिल्या दिवशी त्याच्याशेजारी तूच आडवी हो.

काकांना नमस्कार, चिमणीला पापा.

तुझीच,
सुधा