दोन दिवसांनी परत आलेल्या माणसाला

स. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही असा अंदाज आहे. पत्र मात्र उघडं लिहितोय, कारण मेसेजचा मेटाडेटा, म्हणजे मेसेजबद्दलची माहिती, डेटाबेसमध्ये ठेवायची वेळ जावा भाषेत इंटिग्रेशन, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रणा जोडायचं काम, करणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी येते, आणि तुम्ही सांगितलेलं एका टीमच्या इनबॉक्समध्ये पडून राहू नये.

प्रश्न दिसायला किरकोळ होता. अपाचे कॅमल या यंत्रणा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेसेजच्या ठरवून दिलेल्या वाटेला रूट म्हणतात. आमचा रूट क्यूवरून, म्हणजे मेसेजच्या रांगेवरून, मेसेज घेतो, रूप बदलतो, डेटाबेसमध्ये व्यवहार नोंदवतो, पुढे पाठवतो. प्रत्येक मेसेजमागे टेबलात नोंद हवी: कुठून आला, कधी आला, आयडी काय, केवढा होता, शेवट काय झाला. नोंदी पडत होत्या. फक्त फसलेल्या मेसेजच्या पडत नव्हत्या, म्हणजे ज्यांच्यासाठी हे टेबल बांधलं नेमक्या त्यांच्याच.

तुमच्याआधी तिघांना विचारून झालं होतं. पहिल्याचं म्हणणं, लॉग फाइल आहे ना, तिच्यात शोधा. दुसऱ्यानं अख्खा मेसेज सीरियलाइझ करून ब्लॉबमध्ये, म्हणजे एका अखंड गठ्ठ्यात, टाकायला सांगितलं, म्हणजे काही सुटायला नको. त्या ब्लॉबमधून ‘काल दुपारनंतर एका ठरावीक क्यूवरून आलेले आणि अडकलेले मेसेज’ कसे निवडायचे, ते त्यानं सांगितलं नाही. तिसरे सल्लागार होते. त्यांचं बिल आलं, उत्तर अजून यायचंय.

तुम्ही उलट प्रश्न केलात: “ही नोंद कोणत्या ट्रान्झॅक्शनमध्ये पडते?”

गाठ तिथेच होती. रूटवर ‘ट्रान्झॅक्टेड’ लिहिलं की व्यवहाराची नोंद आणि मेटाडेटाची नोंद एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये जातात, म्हणजे राहिल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. पुढच्या पायरीवर एक्सेप्शन आलं की रोलबॅक दोन्ही पुसतो. मेसेज क्यूवर परततो आणि पुन्हा येतो. ॲक्टिव्हएमक्यू क्लासिक या ब्रोकरमध्ये, म्हणजे क्यू सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, काही बदललं नसेल तर ६ वेळा पुन्हा पाठवणी होते, म्हणजे एकूण ७ प्रयत्न, आणि मग मेसेज डेड लेटर क्यूमध्ये, म्हणजे फसलेल्या मेसेजच्या वेगळ्या रांगेत, जातो. सात वेळा नोंद पडली, सात वेळा पुसली गेली आणि टेबल कोरं. प्रोग्रॅमच्या दृष्टीनं यात चूक काहीच नाही. जे सांगितलं ते त्यानं चोख केलं.

उपाय तुम्ही दोन वाक्यांत दिलात: मेटाडेटा लिहिणारी मेथड वेगळ्या बीनमध्ये, म्हणजे स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कनं सांभाळलेल्या वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये, काढा आणि तिला ‘रिक्वायर्स न्यू’ लावा, म्हणजे ती स्वतःचं ट्रान्झॅक्शन उघडेल, लगेच कमिट करेल आणि मुख्य काम फसलं तरी नोंद राहील. ‘वेगळ्या बीनमध्ये’ या शब्दांखाली तुम्ही रेघ मारली होती. स्प्रिंगचं ॲनोटेशन, म्हणजे मेथडवर लावलेली ‘रिक्वायर्स न्यू’सारखी खूण, प्रॉक्सीतून, म्हणजे ऑब्जेक्टपुढे उभ्या केलेल्या मध्यस्थातून, चालतं. त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडनं ती मेथड बोलावली की प्रॉक्सी मध्ये येतच नाही, नवं ट्रान्झॅक्शन उघडत नाही आणि कुठे एररही दिसत नाही. वाचणाऱ्याला ॲनोटेशन समोर दिसतं, म्हणून तो दुसरीकडे शोधत बसतो.

वायर टॅप, म्हणजे मेसेजची नक्कल बाजूला पाठवणारी कॅमलची सोय, का नको, हेही न विचारता सांगितलंत. वायर टॅप वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर, चालतो, त्यामुळे रोलबॅकपासून वाचतो, हे खरं. पण त्याची कामं मेमरीतल्या रांगेत उभी असतात. कॅमलच्या ठरलेल्या मापानं १० थ्रेड, फार तर २०, आणि रांग १००० ची. प्रोसेस पडली की रांगेतल्या नोंदी गेल्या. रांग भरली की ते काम मुख्य थ्रेडलाच करावं लागतं आणि सगळा रूट मंदावतो. शिवाय दहा थ्रेड एकाच वेळी लिहीत असले की ‘पूर्ण झाला’ ही नोंद कधी कधी ‘आला’च्या आधी पडते. म्हणून तुमचा आग्रह असा की एकच ओळ अपडेट करत बसू नये, प्रत्येक टप्प्याला नवी ओळ घालावी, आणि वेळ डेटाबेसच्या घड्याळावरून न घेता रूटमध्ये, त्या क्षणी, यूटीसीत पकडून सोबत पाठवावी. हे वायर टॅप न वापरणाऱ्यांनाही लागू आहे.

आयडीचा घोळ वेगळा. एक्स्चेंज म्हणजे कॅमलमधली मेसेजची एक फेरी. एक्स्चेंज आयडी ही मेसेजची ओळख नाही. ब्रोकरनं मेसेज पुन्हा दिला की नवं एक्स्चेंज, नवा आयडी. स्प्लिटरनं तुकडे केले की प्रत्येक तुकड्याचा वेगळा, आणि मूळ एक्स्चेंजचा आयडी ‘कॅमल कोरिलेशन आयडी’ या प्रॉपर्टीत. वायर टॅपच्या नकलेचंही तसंच. जेएमएस, म्हणजे जावाचं मेसेजिंगचं मानक, त्यातला मेसेज आयडी मात्र पुन्हा पाठवणीत तोच राहतो. तेव्हा मेसेजसाठी जेएमएस मेसेज आयडी आणि प्रयत्नासाठी एक्स्चेंज आयडी, असे दोन्ही कॉलम हवेत, आणि युनिक बंधन घालायचंच तर मेसेज, प्रयत्न आणि टप्पा या तिघांवर मिळून. नुसत्या जेएमएस मेसेज आयडीवर युनिक लावलं तर दुसऱ्या प्रयत्नाची पहिलीच नोंद आपटते. कॉलमची लांबी ३६ धरणारे पुष्कळ भेटतात, ३६ अक्षरांचा यूयूआयडी डोक्यात असतो म्हणून. ॲक्टिव्हएमक्यूच्या आयडीत मशीनचं नाव, पोर्ट, वेळ असं सगळं असतं. २५५ ठेवलेले बरे.

बाकीचं तुम्ही झपाट्यानं उरकलंत, तसंच इथेही. बॉडी, म्हणजे मेसेजचा मूळ मजकूर, टेबलात ठेवू नका, लांबी आणि एसएचए-२५६ ही तिची ठशासारखी खूण पुरे. ती खूण हेक्समध्ये नेमकी ६४ अक्षरं होते. पण बॉडी इनपुट स्ट्रीम, म्हणजे एकदाच वाचता येणारा प्रवाह, असेल तर हे मोजतानाच ती वाचून संपते आणि पुढच्या पायरीला रिकामी मिळते, म्हणून स्ट्रीम कॅशिंग, म्हणजे पुन्हा वाचायला प्रवाह साठवून ठेवणं, चालू आहे ना ते आधी बघा. कॅमलच्या जेपीए कॉम्पोनंटला, म्हणजे डेटाबेसमध्ये लिहिणाऱ्या एका भागाला, बॉडीत एंटिटी, म्हणजे टेबलातल्या ओळीचा ऑब्जेक्ट, लागते. मुख्य रूटमध्ये तसं केलंत तर पुढे मूळ मेसेजच्या जागी तुमची मेटाडेटा एंटिटी जाईल. एसक्यूएल कॉम्पोनंट हेडरमधून नावानं पॅरामीटर उचलतो, म्हणून बॉडीला हात लावावा लागत नाही. आणि एररचा मजकूर कोडमध्येच कापा. कॉलम १००० अक्षरांचा आणि मजकूर ४००० चा असेल तर एररची नोंद करतानाच दुसरी एरर येते आणि खरं कारण तिच्याखाली गाडलं जातं.

एवढं मिळालं तेव्हाच हात जोडले होते. पण पत्र त्यासाठी नाही. पत्र तुमच्या दुसऱ्या निरोपासाठी आहे.

पहिल्या उत्तरानंतर दोन दिवसांनी, कोणी काही विचारलेलं नसताना, तुम्ही लिहिलंत: “परवा रिक्वायर्स न्यू सांगितलं, पण कनेक्शन पूलबद्दल बोललो नाही. ती माझी चूक. एका मेसेजला आता एकाच वेळी दोन कनेक्शन लागतील. आकडा तपासा.”

हा निरोप आला नसता तर काय झालं असतं, ते कागदावर मांडता येतं. हिकारी म्हणजे डेटाबेसची कनेक्शन एका पूलमध्ये तयार ठेवणारी लायब्ररी. तिच्या पूलमध्ये सांगितलं नाही तर १० कनेक्शन असतात. क्यूवर १० कन्झ्यूमर, म्हणजे मेसेज उचलणारे थ्रेड. दहाही मेसेज एकदम आले, प्रत्येकानं मुख्य ट्रान्झॅक्शनसाठी एकेक कनेक्शन धरलं. पूल रिकामा. आता प्रत्येकाला मेटाडेटासाठी दुसरं हवं, आणि आधीचं कोणी सोडत नाही, कारण आधीचं काम दुसऱ्यावर अडलेलं. स्प्रिंग बाहेरचं ट्रान्झॅक्शन बाजूला ठेवतं, पण त्याचं कनेक्शन पूलला परत करत नाही. दहाही जण ३० सेकंद एकमेकांकडे बघत उभे राहतात, कारण हिकारीची वाट बघण्याची मुदत तेवढीच. मग दहाही फसतात, रोलबॅक होतात, क्यूवर जातात आणि पुन्हा येतात. टेस्टमध्ये एकच कन्झ्यूमर असतो, त्यामुळे तिथे सगळं हिरवं. गर्दी झाली की मात्र सगळं ठप्प, आणि डेटाबेस बघायला जावं तर तो निवांत बसलेला असतो. त्यामुळे संशय नेटवर्कवर जातो.

किमान आकड्याचा हिशोबही तुम्ही मांडलात: थ्रेडची संख्या गुणिले एका थ्रेडला एकाच वेळी लागणारी कनेक्शन वजा एक, अधिक एक. म्हणजे १० × (२ − १) + १ = ११. अकराव्या कनेक्शननं गाडा अडत नाही एवढंच. वेगानं धावायचं तर जास्त हवीत. आणि त्याहून बरी वाट: मेटाडेटासाठी वेगळा, चार कनेक्शनचा छोटा डेटासोर्स आणि त्याचा वेगळा ट्रान्झॅक्शन मॅनेजर. मुख्य पूलवाला मेटाडेटाच्या पूलसाठी थांबेल, पण मेटाडेटाच्या पूलवाला मुख्य पूलसाठी कधीच थांबणार नाही, त्यामुळे फास बसतच नाही. खात्री करायची रीतही सोबत होती: पूल २, कन्झ्यूमर २, मुदत १ सेकंद, मेटाडेटाच्या नोंदीआधी दोन्ही थ्रेड एकमेकांसाठी थांबवायचे आणि दोन मेसेज एकदम सोडायचे. जुन्या मांडणीत लगेच अडकतं, नव्यात अडकत नाही.

एक निर्णय तुम्ही आमच्यावर सोडलात, तोही योग्यच. मेटाडेटा लिहिता आला नाही तर मेसेज थांबवायचा की जाऊ द्यायचा? नोंद शोधाशोधीपुरती असेल तर एक्सेप्शन पकडा, मोजणी वाढवा, मेसेज जाऊ द्या. नोंद हिशोबतपासणीसाठी बंधनकारक असेल तर थांबवा. “हे कोड लिहिणाऱ्यानं ठरवायचं नाही,” असं तुम्ही लिहिलं होतं.

या धंद्यात उत्तर देणाऱ्यांना तोटा नाही. प्रश्न अर्धा वाचून उत्तर देणारे आहेत, ‘हे हवंच कशाला’ असं विचारून प्रश्नकर्त्यालाच गप्प करणारे आहेत, स्वतःच्या यंत्रावर चाललं म्हणून विषय संपवणारे तर ढिगानं. दिलेलं उत्तर दोन दिवस डोक्यात घोळवणारा आणि त्यातली उणीव स्वतःच सांगायला परत येणारा विरळा. समोरच्याला ती कळलीही नसती. तुमचं पहिलं उत्तर बरोबर होतं, काम चाललं होतं, आभार मानून झाले होते. तिथे थांबला असता तर तुमच्या नावाला काही लागलं नसतं. गर्दीच्या दिवशी रूट अडला असता, तोवर तुमचा सल्ला कोणाच्या लक्षातही नसता. ‘ती माझी चूक’ हे शब्द तर तुम्ही असे लिहून टाकलेत जणू रोजचा हिशोब मांडावा.

टेबल आता भरतंय, फसलेल्या मेसेजसकट. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मेटाडेटाच्या पूलपुढे ४ आणि मुख्य पूलपुढे २० असे आकडे आहेत, आणि त्यांच्या वर कॉमेंटमध्ये तुमचं वाक्य जसंच्या तसं ठेवलंय: “एका मेसेजला आता एकाच वेळी दोन कनेक्शन लागतील. आकडा तपासा.” पुढे कोणी काटकसर म्हणून हे दोन पूल एक करायला आला, तर त्याला आधी तुम्ही भेटाल.

आपले कृतज्ञ,
एका इंटिग्रेशन टीममधले सगळे