'च' ला गोल करणाऱ्या बाईंना

आईचं वर्षश्राद्ध उरकलं त्या रात्री अडीच वाजता मी १४४१६ लावला. टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोन सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलतात. मला बोलताच येईना. पलीकडच्या ताई म्हणाल्या, "आधी पाणी प्या, मी आहे." आणि खरंच होत्या.

पुढे आठ गुरुवार ज्यांच्याकडे गेलो, त्या समुपदेशक बाई. (नावात उपदेश आहे म्हणून धास्तावलो होतो, त्यांनी एकही दिला नाही.) "आईला आदल्या दिवशीच दवाखान्यात न्यायलाच हवं होतं," हे माझं वाक्य त्यांनी मलाच वहीत लिहायला लावलं आणि 'न्यायलाच' मधल्या 'च' ला पेन्सिलीने गोल केला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची १९५५ पासूनची विवेकनिष्ठ उपचारपद्धत याच हट्टावर बोट ठेवते म्हणे. 'न्यायला हवं होतं' यात हळहळ आहे. 'न्यायलाच' म्हटलं की शिक्षा सुरू. आई आठवतेच, पण आता झोप लागते.

दोघींचे मनापासून आभार. आणि माझे लाल डोळे बघूनही काही न विचारता चहा पुढे करणाऱ्या बाहेरच्या मावशी, तुमचेही. साखर तेवढी कमी घाला.