मंत्रिमहोदय, मुलांच्या पायाखालची फरशी बघा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

आधीच सांगते, हे पत्र अनुदान मागायला लिहिलेलं नाही. त्यासाठी तुमच्या दारात रांग मोठी आहे. त्या रांगेत तमाशाचे फड, वृद्ध कलावंत, झाडीपट्टीतली मंडळी आमच्या पुढे उभी आहेत आणि ती पुढेच असायला हवीत. माझी मागणी जमिनीची आहे. सातबाऱ्यावरची नव्हे, मुलं ज्या जमिनीवर नाचतात ती.

माझी मुलगी नववीत आहे आणि बॅले शिकते. हौस म्हणून सुरू झालं होतं, आता तिला तेच करायचं आहे. आम्ही ठाणे जिल्ह्यात राहतो. क्लास पश्चिम उपनगरात, म्हणजे दादरला उतरून पूल ओलांडायचा आणि पुन्हा गाडी पकडायची. मी सहकारी बँकेत नोकरी करते, नवरा औषधांच्या वितरकाकडे हिशेब बघतो. हे सांगते ते एवढ्यासाठीच, की बॅले म्हटलं की ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून विषय मिटवायची पद्धत आहे. आमच्या लेडीज डब्यातल्या बायकांनी मात्र कधी मिटवला नाही. माझी लेक मांडीवर भूगोलाची वही ठेवून बसली की तिला खिडकीची जागा देतात, आणि ‘आज उड्या की आज ते बोटांवरचं?’ असं विचारतात.

या उड्यांबद्दलच बोलायचं आहे.

बॅलेच्या क्लासची सुरुवात बारला, म्हणजे भिंतीलगतच्या आडव्या दांड्याला, धरून होते. आधी गुडघे वाकवायचे, मग पाय जमिनीवरून सरकवत ताणायचा. शेवटचा भाग उड्यांचा. दीड तासाच्या क्लासमध्ये शंभराच्या वर उड्या सहज होतात, आणि प्रत्येक वेळी खाली उतरताना घोट्यावर, नडगीवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. जगभर यासाठी खास जमीन करतात. खाली आडव्या-उभ्या लाकडी पट्ट्यांची जाळी, मध्ये रबराचे किंवा फोमचे तुकडे, वर प्लायवूड आणि त्यावर न घसरणारं विनाइल. पाय टेकला की ती जमीन किंचित दबते आणि धक्का पोटात घेते. आपल्याकडे बहुतेक क्लास चालतात ते सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेच्या वर्गात किंवा दुकानाच्या गाळ्यात. तिथे खाली स्लॅब, वर सिमेंट आणि त्यावर गुळगुळीत टाइल. त्यावर विनाइल अंथरलं तर घसरणं थांबतं, धक्का थांबत नाही.

परिणाम दिसायला वेळ लागतो, म्हणून कुणाला घाई वाटत नाही. आधी नडगीच्या आतल्या बाजूला दुखतं. ‘वाढीचं वय आहे, दुखायचंच’ म्हणून आजी तेल चोळते. आठवडाभर विश्रांती मिळाली तर ते बरंही होतं. विश्रांती मिळाली नाही तर एक दिवस हाडाला केसासारखी चीर जाते, आणि ती साध्या एक्स-रेत सुरुवातीला कित्येकदा दिसतसुद्धा नाही. माझ्या मुलीच्या क्लासमधल्या एका मुलीचं पूर्ण वर्ष यात गेलं. तेरा वर्षांच्या मुलीचं एक वर्ष म्हणजे काय, हे नाचणाऱ्यांना सांगावं लागत नाही.

हे फक्त बॅलेचं दुखणं नाही. कथकच्या मुली पायात किलोभर घुंगरू बांधून त्याच टाइलवर तत्कार करतात. भरतनाट्यमच्या मुली अर्धमंडलीत बसून तिथेच पाय आपटतात. लावणी शिकणाऱ्या मुलींचंही तेच. एका वास्तूत संध्याकाळी चार गुरू चार नृत्यप्रकार शिकवत असतील, चौघांच्या शिष्यांचे गुडघे एकाच फरशीवर झिजतात. म्हणून हा प्रश्न तुमच्या खात्याचा.

यावर उपाय शोधायला परदेशात जायची गरज नाही. राज्यातल्या कित्येक महापालिकांच्या क्रीडासंकुलांत बॅडमिंटनचे हॉल आहेत आणि त्यांची जमीन लाकडी, लवचीक आहे. सकाळी आणि संध्याकाळी तिथे उभं राहायला जागा नसते, पण दुपारी कुलूप. अशाच एका संकुलात मी अर्ज घेऊन गेले होते. काउंटरवरचे गृहस्थ भले होते. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवून दाखवलं: बॅडमिंटन, टेबल टेनिस, कॅरम, योग, एरोबिक्स. “नाचाला रकानाच नाही, मॅडम,” म्हणाले. मग आवाज खाली आणून, “एरोबिक्स लिहा, करून टाकतो.”

मी लिहिलं नाही. फार तत्त्वाची आहे म्हणून नव्हे. खोटं लिहून घेतलेली जागा पहिल्या तक्रारीसरशी जाते, आणि त्यानंतर कुणालाच मिळत नाही, हे बँकेत बसून मला पुरतं कळलं आहे. पण त्या रजिस्टरात एक रकाना वाढवायला किती खर्च येईल, महोदय? महापालिका तुमच्या अखत्यारीत नाहीत हे मला ठाऊक आहे. नगरविकास खात्याशी बोलून, दुपारच्या रिकाम्या वेळेत हे हॉल नृत्याच्या सरावाला भाड्याने द्यावेत, असं परिपत्रक मात्र तुम्ही काढून घेऊ शकता. भाडं आम्ही भरू. जमीन खराब होईल अशी भीती असेल तर बॅलेचे बूट मऊ असतात, आणि घुंगरूवाल्यांसाठी वर वेगळं कापड अंथरता येतं.

दुसरी गोष्ट बुटांचीच. ‘पॉइंट शूज’ म्हणतात, ज्यांवर मुली बोटांच्या टोकांवर उभ्या राहतात. आत लाकूड किंवा लोखंड असतं असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं काही नसतं. कापड आणि कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवून कडक केलेला पुढचा डबा, तळाला एक ताठ पट्टी आणि वरून सॅटिन, बस्स. फिती वेगळ्या येतात, त्या घरी शिवायच्या. आमच्याकडे ते काम नवऱ्याचं. दात साफ करायच्या मेणाच्या दोऱ्याने शिवतो, कारण साधा दोरा चार दिवसांत तुटतो. पावसाळ्यात घामाने आणि दमट हवेने ती खळ विरघळायला लागते, म्हणून बूट वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवायचे आणि दोन जोड आलटून-पालटून वापरायचे. मोठ्या कंपनीतली नर्तकी एका प्रयोगात एक जोड संपवते. आम्ही एक जोड किती ताणतो, ते लिहीत नाही. बूट बाहेरून येतात, त्यावरच्या सीमाशुल्काचं खातं दिल्लीचं. ती तक्रार तुमच्याकडे नाही.

तुमच्याकडे तक्रार आहे ती वेगळी. पायाची हाडं या वयात अजून घडत असतात. जाणते शिक्षक साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी, तेही काही वर्षांची तयारी आणि घोट्यात ताकद असल्याशिवाय, मुलीला पॉइंटवर चढवत नाहीत. आणि रस्त्यावर फ्लेक्स बघा. सात-आठ वर्षांच्या मुली बोटांवर उभ्या, खाली ‘उन्हाळी शिबिर, वीस दिवसांत बॅले’. कोणाकडून शिकलात, असं त्या शिक्षकाला विचारणारं कुणी नाही. पालकाला काय विचारायचं हेच माहीत नसतं. मला परवानापद्धत नको. परवाना आला की टेबल येतं आणि टेबल आलं की त्याखालचाही व्यवहार येतो. मला हवं आहे एक पान मराठीतून, तुमच्या संचालनालयाच्या नावाने, हाडांच्या डॉक्टरांना आणि अनुभवी गुरूंना विचारून केलेलं: कोणत्या वयात काय करू नये, जमीन कशी असावी, दुखणं कधी गंभीर मानावं, वाढत्या मुलीचं जेवण कापायला सांगणाऱ्या क्लासमधून तिला लगेच का काढावं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. आरशासमोर वाढणाऱ्या मुलींचा जेवणाशी झगडा हा बॅलेचा जगभरचा जुना रोग आहे. पाळी लांबते, हाडं ठिसूळ होतात आणि बाहेरून सगळे ‘किती छान शिडशिडीत’ म्हणतात.

आता शाळा. आपल्या राज्यात दहावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. शास्त्रीय नृत्य, गायन, वादन, लोककला, चित्रकला यांचेही आहेत, आणि हा चांगला निर्णय होता. त्या यादीत बॅले नाही. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स 1920 पासून चालू आहे. तिच्या बॅले-परीक्षांच्या आठ ग्रेड असतात, पुढे व्यावसायिक पातळ्या असतात आणि परीक्षक बाहेरचा असतो. गंमत अशी, की रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या मुलींचा पाया बॅलेवरच घडवतात. माझ्या मुलीशेजारी बार धरून उभी असलेली जिम्नॅस्ट राज्य पातळीवर पोचली तर तिचे तेच कष्ट गुणपत्रिकेत उतरतात. ब्रेकडान्स 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळ म्हणून जाऊन आला, तोही कुठेतरी बसेल. खरं सांगायचं तर मला त्या गुणांचं फारसं प्रेम नाही. पण सरकारी यादीत नाव नसलं की शाळेच्या लेखी ती गोष्टच नसते. मग पंचाहत्तर टक्के हजेरीचा हिशेब येतो आणि मुलीच्या परीक्षेच्या दिवशी आईने ‘ताप’ लिहून द्यायचा.

त्यात वेळापत्रकाचा घोळ. स्वित्झर्लंडमधल्या लोझानची तरुण नर्तकांची बॅले-स्पर्धा, पंधरा ते अठरा वयाची, जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीत असते. युरोपातल्या बॅलेशाळांच्या बऱ्याच निवड-चाचण्याही हिवाळ्यात आणि वसंतात होतात. आणि आपली दहावी-बारावी फेब्रुवारी-मार्चमध्ये. आंतरराष्ट्रीय स्पर्धांना जाणाऱ्या खेळाडूंसाठी सीबीएसई वेगळ्या तारखेला परीक्षा घेते. असा मार्ग आपल्या मंडळाने नाचणाऱ्या मुलांनाही खुला करावा, एवढं शालेय शिक्षण मंत्र्यांना तुम्ही सांगू शकता. ‘मुक्त विद्यालयात घाला’ हा सल्ला आम्हाला खूप मिळतो. ज्यांना जमतं त्यांनी जरूर घालावं. पण माझ्या मुलीला तिचा वर्ग आवडतो, मैत्रिणी आवडतात आणि गणिताच्या बाईसुद्धा आवडतात. नाचते म्हणून तिने शाळा का सोडायची?

एक आक्षेप येणारच, म्हणून तोही घेते: ही परकी कला, महाराष्ट्र सरकारने का बघावं? बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन होता, महोदय. पेटीची मुळं पॅरिसमध्ये निघतात, आणि आज तिच्याशिवाय आपलं भजन उभं राहत नाही. उदय शंकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले, पुढे लंडनला गेले आणि 1923 मध्ये प्रसिद्ध रशियन बॅले-नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हाबरोबर राधा-कृष्ण नाचले. देवाणघेवाणीची भीती आपल्या कलावंतांना कधीच नव्हती.

आणि मुलं आपलीच आहेत. मुंबईचा अमीरुद्दीन शाह वेल्डरचा मुलगा, 2017 मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. नवी मुंबईचा मनीष चौहान टॅक्सीचालकाचा मुलगा. दिल्लीचा कमल सिंग, ई-रिक्षा चालवणाऱ्याचा मुलगा, 2020 मध्ये इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलला निघाला तेव्हा फीसाठी लोकवर्गणी काढावी लागली. या मुलांचं कौतुक सगळ्यांनी केलं, पहिल्या दोघांवर सिनेमाही आला. कौतुकाला माझी हरकत नाही. पण दर वेळी गुणी मूल, जीव तोडून शिकवणारा एखादा गुरू आणि अनोळखी लोकांचे पैसे असा तिहेरी योग जुळून यावा, याला काही व्यवस्था म्हणता येत नाही. परदेशी शिक्षणाच्या राज्याच्या शिष्यवृत्त्या मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणासाठी आहेत. बॅले नर्तकाचं शिक्षण अठरा-एकोणिसाला संपतं आणि चाळिशीच्या आत बहुतेकांचं मंचावरचं आयुष्यही. आम्ही आज त्यासाठी पैसे मागत नाही. वयाची अट कलेप्रमाणे बदलते, एवढी नोंद तुमच्या फायलीत असू दे.

सुरुवात लहान करा. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, कुठलंही एक शहर घ्या. एक बॅडमिंटन हॉल, दुपारी एक ते चार, सगळ्या नृत्यप्रकारांना खुला, भाडं ठरवून. कथकवाल्या बाईंशी आणि भरतनाट्यमच्या सरांशी माझं बोलणं झालं आहे, तेही यायला तयार आहेत. रजिस्टरात रकाना आखायला पट्टी आणि पेन मी घेऊन येते.

आपली,
नववीतल्या एका मुलीची आई
ठाणे जिल्हा