डॉक्टर मॅडम, बाबांच्या मोज्याबद्दल

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

बाबांना हार्ट फेल्युअर आहे, मधुमेह नाही. आधीच्या मोठ्या डॉक्टरांनी डॅपाग्लिफ्लोझिन नावाची गोळी लिहून दिली ती बरोबरच होती, हे तुम्हीच सांगितलंत. पण ती कशासाठी, हे सांगायला त्यांना सवड नव्हती. नजर कॉम्प्युटरवर, बोट बेलवर. मेडिकलवाला म्हणाला, "ही तर शुगरची गोळी." पर्वतीच्या पायथ्याशी बसणाऱ्या मंडळींनी निकालच लावला, "शुगर नसताना घेतलीस तर चक्कर येऊन पडशील." बाबांनी गुपचूप गोळी बंद केली. पाय पुन्हा सुजले, रात्र उशांना टेकून बसण्यात जायला लागली.

तुमच्यासमोर मी तावातावाने हे सगळं सांगत होतो. तुम्ही मला हातानेच थांबवलंत, खुर्चीतून उठलात, बाबांपुढे उकिडव्या बसलात आणि त्यांचा मोजा स्वतः खाली केलात. पुण्याच्या पीएमटी बसमध्ये जन्मभर लोकांना "पुढे सरका" म्हणून दटावलेला माणूस पाय मागे घेत "अहो, नको, नको" करायला लागला. तुम्ही नडगीवर अंगठा दाबून धरलात, पडलेला खळगा त्यांनाच दाखवलात. "काका, हृदय पंपिंगला कमी पडतंय, म्हणून हे पाणी साचतं. गोळी हृदयासाठी आहे."

मग तिथेच बसून पुढचं सांगितलंत. गोळी आली मधुमेहासाठी. पण २०१९ च्या मोठ्या चाचणीत ती हार्ट फेल्युअरच्या ४,७४४ रुग्णांमध्ये तपासली, त्यातल्या निम्म्याहून अधिकांना मधुमेह नव्हताच. आजार बळावणं किंवा हृदयविकाराने मृत्यू, हे साधारण चतुर्थांशाने घटलं, आणि मधुमेह नसलेल्यांनाही तेवढाच फायदा झाला. साखर नॉर्मल असली की ती या गोळीने सहसा फार उतरत नाही. उलट्या-जुलाब झाले तर गोळी थांबवून आधी फोन. आणि लघवीच्या जागी खाज आली तर लाजायचं नाही, सांगायचं. हे ऐकून बाबांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली, यावर आई अजून विश्वास ठेवत नाही.

रिक्षात ते एकच बोलत होते, "बाईंनी पायाला हात लावला रे." मला मात्र राग येत होता. गल्लोगल्ली हॉस्पिटलं असलेल्या या शहरात रुग्णाशी खाली बसून बोलणारं माणूस भेटायला नशीब लागावं?

आजार गेलेला नाही, तो जाणारही नाही, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. पण बाकीच्या औषधांबरोबर ती गोळी आता रोज चालू आहे, सूज उतरली आहे, बाबा आडवे होऊन झोपतात. पर्वतीच्या मंडळींना तर ते आता स्वतःच मोजा खाली करून व्याख्यान देतात.

तुमच्यासाठी बाकरवडी आणणार होतो. बाबांनी अडवलं, "मीठ असतं त्यात, बाई ओरडतील." तुम्हाला कोण ओरडणार, ते काही त्यांनी सांगितलं नाही. तरी पुढच्या तपासणीला पुडा आणतोच, बाबांच्या नजरेआड.

आपला,
सहकारनगरच्या काकांचा मुलगा