‘रन’ला मराठीत चालवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

असं उघडं पत्र तुम्हाला आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. अनुवाद तपासणाऱ्याचं नाव कुठे छापून येऊ नये, हा तुमचा हट्ट. कुणी कौतुकाने छापायला निघालंच तर मुद्रितावर तुम्ही ते स्वतः खोडून टाकायचात. म्हणून नाव लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानणार आहे, कारण तुम्ही जे शिकवलंत ते इंग्रजीतून मराठीत काहीही आणणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे, आणि मी चाळलेल्या एकाही कोशात ते मला मिळालं नाही.

‘रन’बद्दल बोलतोय मी. इंग्रजी शिकायला लागलेल्या पोरालाही येणारा शब्द. अनुवादक घाबरतो तो पाचसहा अक्षरी, ग्रीक-लॅटिन वळणाच्या शब्दांना. वास्तविक ते शब्द फार गुणी. अवघड दिसतात म्हणून आपण कोश उघडतो, तिथे एक, फार तर दोन अर्थ असतात, त्यातला एक उचलला की काम झालं. ‘रन’साठी कोश कोण उघडतो? आणि उघडलाच, तर पानंच्या पानं बघून मिटून ठेवावासा वाटतो.

या शब्दाचा पसारा केवढा, ते तुम्हीच पहिल्यांदा सांगितलंत. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ची नोंद नव्याने लिहायला घेतली, तर नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले आणि त्या एका नोंदीपायी नऊ महिने गेले. २०११मध्ये ही हकीकत वर्तमानपत्रांत आली होती. त्याआधी हा मान ‘सेट’कडे होता. कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे ४३०च्या घरात अर्थ आणि साठेक हजार शब्दांची नोंद. ‘सेट’चे सगळे अर्थ एका घरचे नव्हेत, हेही तुमच्याकडूनच कळलं. मांडणं, ठेवणं, बसवणं हा गोतावळा ‘सिट’च्या कुळातला, बसणे आणि बसवणे हे नातं आपल्याकडे आहे तसंच. संच या अर्थाचा ‘सेट’ मात्र लॅटिन ‘सेक्टा’वरून फ्रेंचमार्गे आलेला. दोन परके शब्द एकाच उच्चारात नांदले आणि पुढे इतके मिसळले, की आता वेगळे काढणं मुश्किल.

पण मला सगळ्यांत आवडला तो तुम्ही सांगितलेला जेम्स मरे यांचा किस्सा. याच कोशासाठी १८७९मध्ये त्यांनी इंग्रजी वाचणाऱ्या सगळ्यांना आवाहन केलं, की पुस्तकं वाचा आणि शब्दांचे वापर कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवा. चिठ्ठ्यांचे ढीग आले. तपासायला बसल्यावर दिसलं, की ‘ॲब्यूजन’ या जवळजवळ कुणीच न वापरणाऱ्या शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या आहेत आणि रोजच्या ‘ॲब्यूज’च्या पाचसुद्धा नाहीत. वाचणाऱ्यांनी दुर्मीळ तेवढं टिपलं होतं, नेहमीच्या शब्दावरून नजर घसरून गेली होती. तुमचं लाल पेन नेमकं उलट चालायचं. परिभाषेचे भारदस्त शब्द तुम्ही पटकन ओलांडायचात, आणि ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’, ‘रन’ दिसले की पेन थबकायचं.

थबकून तुम्ही काय लिहायचात? योग्य शब्द कधीच नाही. समासात दोनच शब्द असायचे, ‘उलट काय?’ सुरुवातीला मला याचा राग यायचा, हे आज सांगून टाकतो. उत्तर माहीत असून न सांगणारी माणसं मला मुळात आवडत नाहीत. नंतर कळलं, की ‘उलट काय?’ हेच उत्तर होतं.

कपड्याच्या आतल्या चिठ्ठीवर असतं, ‘कलर्स मे रन’. उलट काय? रंग पक्का आहे. मग ‘रंग जाण्याची शक्यता’ हे आपोआपच जिभेवर येतं, धावण्याचा विचारही मनाला शिवत नाही. ‘द मशीन इज रनिंग’, उलट काय? बंद आहे. म्हणजे यंत्र चालू आहे. ‘शी इज रनिंग अ टेम्परेचर’, उलट? ताप उतरला. म्हणजे अंगात ताप आहे. ‘द वेल रॅन ड्राय’, उलट? पाणी आहे. म्हणजे विहीर आटली. क्रियापद एकच, आणि त्याच्या विरुद्धार्थी शब्दांची मात्र ही रांग: पक्का, बंद, उतरला, आहे. जितकी वेगळी विरुद्धं, तितके वेगळे अर्थ.

तुमची ही कसोटी सगळ्यांत चोख उतरते ती ‘शी रॅन हिम डाउन’ या चार शब्दांवर. तिने त्याला गाडीखाली घेतलं? त्याला नावं ठेवली? की कुठेकुठे शोधत जाऊन अखेर त्याला गाठलं? इंग्रजीत तिन्ही बसतात आणि वाक्यात एक अक्षरही बदलत नाही. उलट करून बघितलं, की तिन्ही सुटे होतात: तो वाचला, तिने त्याचं कौतुक केलं, तो निसटला. यातलं कुठलं घ्यायचं ते मागचंपुढचं वाक्य सांगतं. बॅटरी ‘रन डाउन’ होते तेव्हा ती उतरते, इमारत ‘रन-डाउन’ असते तेव्हा तिची रया गेलेली असते, आणि माणसाला ‘रन-डाउन’ वाटतं तेव्हा तो गळून गेलेला असतो. ‘रन इन्टू’चंही तेच. जुना मित्र अचानक भेटतो, गाडी भिंतीवर आदळते, खर्च लाखांच्या घरात जातो. ‘रन आउट’ झाला तर फलंदाज धावबाद, पण ‘ऑफ’ जोडून कागद आला, की कागद संपला. आणि ‘रन इट बाय मी’ला तुम्ही सुचवलेलं ‘एकदा माझ्या कानावर घाल’ तर मी अजून जपून वापरतो, उगाच स्वस्त होऊ नये म्हणून.

एका शब्दाला अनेक अर्थ असण्याला मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १८९७मध्ये ‘पॉलिसेमी’ हे नाव दिलं. मराठीत अनेकार्थता म्हणता येईल. त्याचं एक निरीक्षण तुमच्या कामाशी फार जुळतं: बोलण्याच्या ओघात नको असलेले अर्थ बाजूला सारावे लागतच नाहीत, ऐकणाऱ्याच्या मनात ते उगवतच नाहीत. नाक ‘रन’ होतंय म्हटल्यावर कुठल्याही इंग्रज माणसाला पळणारं नाक दिसत नाही. ते दिसतं फक्त अनुवादकाला, कारण तो वाक्य सोडून शब्दाकडे बघत बसतो.

कसोटी जिथे चालत नाही त्या जागाही तुम्ही लपवल्या नाहीत, याचे आभार वेगळे. ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’. उलट काय? काहीच नाही. रस्ता थांबलेलाच असतो. इथे हलते ती बघणाऱ्याची नजर, असं तुम्ही म्हणाला होतात. लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने याला कल्पित गती म्हटलंय, हे मला पुढे वाचनात सापडलं. आपणही तेच करतो की! रस्ता जातो, वळतो, घाट चढतो, आणि एका जागी पडून असतो. ‘इन द लाँग रन’लाही कसोटी धड लागत नाही. असे तुकडे पाठ करावेत आणि पुढे जावं, तिथे तर्क लढवत बसू नये, हा तुमचा सल्ला मी मुकाट पाळतो.

आता चालण्याबद्दल. ‘इंग्रज जिथे धावतो तिथे आपण चालतो’ हे तुमचं वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय, की ते माझंच आहे असं काही जण समजतात. समजू देत. घड्याळ चालतं, दुकान चालतं, खटला चालतो, नाटक चालतं, संसार चालतो, संस्था चालवली जाते. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ लावता येतं, एक संसार सोडला तर. तिथे फार तर घर ‘रन’ करतात. फ्रेंच माणूसही आपल्यासारखा चालणाराच. एखादी गोष्ट जमली, की तो ‘सा मार्श’ म्हणतो, शब्दशः ‘हे चालतं’. जर्मनांचं ‘लाउफेन’ चालतंही आणि पळतंही, त्यांनी भांडणच मिटवून टाकलंय.

पण आपलं चालणं ‘रन’च्याही पुढे जातं. डोकं चालत नाही, जीभ फार चालते, माणूस चालू असतो, आणि कुणी काही विचारलं की आपण नुसतं ‘चालेल’ म्हणतो. या ‘चालेल’चं इंग्रजी ‘रन’ने होत नाही, तिथे ‘डू’ला बोलवावं लागतं. आपल्याकडचा हा एक साधा शब्द परक्या माणसाला किती छळत असेल, हे लक्षात आल्यापासून माझा ‘रन’वरचा राग बराच निवळला.

खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नसतं. अमेरिकन उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो, ब्रिटिश उमेदवार ‘स्टँड’ करतो. आपला उमेदवार उभा राहतो, म्हणजे तो ब्रिटिशांच्या पंगतीत. मोज्यांची वीण उसवत गेली, की अमेरिकेत तो ‘रन’, ब्रिटनमध्ये तीच ‘लॅडर’, म्हणजे शिडी. तेव्हा मजकूर कुठला, हे आधी विचारायचं, हीदेखील तुमचीच सवय मला लागली.

तुम्ही तपासलेली पानं हल्ली मी नव्याने अनुवाद करू लागलेल्यांना दाखवतो. नाव झाकून, काळजी नसावी. समासातलं ‘उलट काय?’ वाचून त्यांचाही चेहरा माझ्यासारखाच होतो. मी काही समजावत नाही. पुढच्या पानावर तोच प्रश्न पुन्हा येतोच.

एक वाद अजून मिटायचा आहे. ‘रन-ऑफ-द-मिल’साठी तुम्ही ‘सरधोपट’ सुचवलं होतंत, मी ‘चारचौघांसारखा’वर अडून होतो. शब्द मूळचा गिरणीतला, तिथून जसा निघेल तसा, प्रतवारी न लावलेला माल. आता तुमचीच कसोटी लावतो. उलट काय? चारचौघांत उठून दिसणारा. ‘सरधोपट’च्या उलट मला एकही शब्द असा चटकन सुचत नाही. म्हणजे माझं बरोबर, असं माझं म्हणणं. ते खोडून काढणारं काही तुमच्याकडे असेलच, तर मजकूर छपाईला जायच्या आत कळवा.

आपला,
एक अनुवादक