भुताशी लगीन, खुन्याचं नाव पाठ

महोदय,

आमच्या वाचनालयात सध्या भुतांच्या प्रेमकथांना नंबर लावावा लागतो. मीही वाचल्या. नायक दीडशे वर्षांचा, रक्त पिणारा, तरी रोज कॉलेजात हजर! कसली भीती वाटणार? शेजारच्या आरवलीत वेतोबाला हातभर लांब चपला वाहतात. रात्री राखणीला फिरून त्या झिजतात म्हणे. (तो देव, भूत नव्हे, ठाऊक आहे.) तो दरारा या गुळमट पानांत कुठला!

खऱ्या गुन्ह्यांची पुस्तकं मात्र मी सोडत नाही. पण १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाबद्दल कुणालाही विचारा, खुनी जक्कलचं नाव तोंडपाठ. त्यात मारले गेलेले काशिनाथशास्त्री अभ्यंकर संस्कृतचे मोठे पंडित होते, हे किती जणांना माहीत? खून पंधरा पानं आणि मेलेला माणूस दोन ओळी, हा हिशेब मला पटत नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, शिरोडा